अटलांटिक ओलांडलेल्या मालिका

१८ नोव्हेंबर १९९० हा रविवार होता. त्या रात्री बीबीसीवर ‘हाऊस ऑफ कार्ड्‌स’ या चार भागांच्या मालिकेचा पहिला भाग लागला. सुरुवातीलाच एक रुबाबदार, उतारवयाकडे झुकलेला गृहस्थ टेबलावरची मार्गारेट थॅचर यांची तसबीर उचलतो आणि थेट प्रेक्षकांकडे बघत सांगतो, की कुठलीच राजवट कायमची नसते. मालिकेचं चित्रीकरण झालं तेव्हा थॅचरबाई सत्तेवर होत्या. पण प्रक्षेपणानंतर दोनच दिवसांनी हुजूर पक्षाच्या ३७२ खासदारांनी नेतेपदासाठी मतदान केलं. थॅचर यांना २०४ मतं पडली, मायकेल हेझल्टाइन यांना १५२. बहुमत बाईंच्याच बाजूनं होतं, पण पक्षाच्या नियमानुसार हवी ती आघाडी चार मतांनी हुकली. २२ तारखेला त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं आणि २७ तारखेला जॉन मेजर नेते झाले. मालिकेचे चार भाग दाखवून संपायच्या आत देशाचा पंतप्रधान बदलला होता, आणि त्यासाठी एकाही मतदाराला घराबाहेर पडावं लागलं नव्हतं.

पडद्यावरचं कारस्थानही नेमकं याच वाटेनं जाणारं होतं. मूळ कादंबरीचे लेखक मायकेल डॉब्ज हे हुजूर पक्षाचे चीफ ऑफ स्टाफ होते. पक्षाच्या कार्यालयात कोण कुणाशी कसं वागतं, हे त्यांनी आतून पाहिलेलं. त्यांच्या १९८९ च्या कादंबरीवरून अँड्र्यू डेव्हिस यांनी पटकथा लिहिली आणि इयन रिचर्डसन यांनी फ्रान्सिस अर्कहार्ट उभा केला. अर्कहार्ट हा सत्ताधारी पक्षाचा मुख्य प्रतोद. आपली संसद आणि विधानसभा वेस्टमिन्स्टरच्याच घडणीच्या असल्यामुळे प्रतोद आपल्याला परका नाही. व्हिप काढल्याच्या आणि व्हिप मोडल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. पण ब्रिटनमध्ये आपल्यासारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. तिथल्या प्रतोदाच्या हाती कायद्याचा बडगा नसतो. त्याच्याकडे असतात ती खासदारांची गुपितं. कोण कर्जात बुडालाय, कुणाचं कुठे प्रकरण चालू आहे, कुणाला कसलं व्यसन आहे, याची नोंद त्याच्याजवळ. अपेक्षेप्रमाणे मंत्रिपद मिळालं नाही, तेव्हा अर्कहार्ट हीच पोतडी उघडतो. आधी पंतप्रधानाला खाली ओढतो, मग एकेक प्रतिस्पर्धी बाजूला करतो. शेवटी त्याला जिंकायची असतात ती काही शे खासदारांची मतं, आणि त्या प्रत्येकाला तो नखशिखांत ओळखत असतो. गोष्ट चार तासांत संपते याचं कारण हेच आहे. सत्तेचा जिना तेवढाच आखूड आहे.

हीच गोष्ट अमेरिकेत न्यायची ठरली तेव्हा लेखक बो विलिमन यांच्यासमोर पहिली अडचण आली ती राज्यघटनेची. अमेरिकेचा अध्यक्ष प्रतिनिधिगृहाच्या विश्वासावर टिकून नसतो. तिथे सभागृहातल्या प्रतोदानं कितीही गुपितं साठवली, तरी पक्षातल्या मतदानानं अध्यक्ष होण्याची वाटच नाही. नेटफ्लिक्सवर १ फेब्रुवारी २०१३ ला पहिल्या सीझनचे तेराही भाग एकाच दिवशी आले, आणि त्यात विलिमन यांनी शोधलेला मार्ग दिसला. नव्या अध्यक्षानं परराष्ट्रमंत्रिपदाचा शब्द मोडल्यावर सभागृहातला प्रतोद फ्रँक अंडरवूड एका व्यसनी काँग्रेस सदस्याला पेन्सिल्व्हेनियाच्या गव्हर्नरपदासाठी उभा करतो, त्याला स्वतःच्या हातानं उद्ध्वस्त करतो, आणि त्या रिकाम्या जागेसाठी विद्यमान उपाध्यक्षालाच, जो पूर्वी त्या राज्याचा गव्हर्नर होता, मैदानात उतरायला लावतो. आता उपाध्यक्षपद मोकळं. पंचविसाव्या घटनादुरुस्तीनुसार अध्यक्ष नवं नाव सुचवणार आणि काँग्रेस ते मंजूर करणार. दुसऱ्या सीझनच्या अखेरीस अध्यक्षाला राजीनामा द्यावा लागतो आणि अंडरवूड थेट त्याच्या खुर्चीत बसतो.

ही कल्पना हवेतली नाही. जेराल्ड फोर्ड याच दारानं व्हाइट हाऊसमध्ये गेले होते. फोर्डही प्रतिनिधिगृहातले, तिथले अल्पमतातल्या पक्षाचे नेते. स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी राजीनामा दिल्यावर डिसेंबर १९७३ मध्ये ते उपाध्यक्ष झाले. ९ ऑगस्ट १९७४ ला निक्सन गेल्यावर अध्यक्ष. या दोन्ही पदांसाठी देशातल्या मतदारांनी त्यांना निवडून दिलेलं नव्हतं. फोर्ड सरळ माणूस होते, त्यांनी कुणाचा काटा काढला नव्हता. पण घटनेत असं एक दार आहे, हे त्यांच्यामुळे साऱ्या देशाला कळलं होतं. विलिमन यांनी त्याच दारातून एका खुनी माणसाला आत घातलं. रिमेक कसा करावा, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. लेखकानं प्रसंग उचलले नाहीत. मूळ कथा कोणत्या व्यवस्थेच्या फटीतून वाट काढते ते पाहिलं आणि आपल्या देशाच्या व्यवस्थेतली तशीच फट शोधली.

नायकाची जातकुळीही त्यांनी अशीच बदलली. अर्कहार्ट खानदानी आहे, शिकारीला जाणारा, जुन्या घराण्यातला. लोकशाहीतल्या नव्या माणसांबद्दल त्याच्या मनात तुच्छता आहे आणि ती त्याच्या सभ्य उच्चारांतून झिरपते. अंडरवूड दक्षिण कॅरोलायनातल्या गॅफनी गावचा, पीचच्या बागा करणाऱ्या कर्जबाजारी बापाचा मुलगा. तिसऱ्या भागात तो गावी जातो ते एका मुलीच्या अपघाती मृत्यूमुळे. पीचच्या आकाराच्या अवाढव्य पाण्याच्या टाकीबद्दल ती गाडी चालवताना मेसेज करत होती. अशी टाकी गॅफनीत महामार्गाच्या कडेला खरोखरच आहे. मूळ मालिकेत या प्रसंगाचा मागमूस नाही, तरी रिमेकमधला हा माझा सर्वांत आवडता भाग आहे. वॉशिंग्टनमध्ये लोकांना नाचवणारा माणूस इथे एका शोकाकुल बापासमोर चर्चमध्ये उभा राहतो आणि तिथेही हिशेबच करत असतो. अमेरिकेतला खासदार आपल्या मतदारसंघाशी कसा बांधलेला असतो ते या एका भागात जितकं कळतं, तितकं राज्यशास्त्राच्या धड्यातून कळणार नाही.

कॅमेऱ्याकडे वळून बोलण्याची रीत दोघांनी शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डकडून घेतली. रिचर्डसन यांची उमेदीची वर्षं रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेली होती, आणि केविन स्पेसी यांनी अंडरवूड साकारण्याच्या थोडंच आधी लंडनच्या ओल्ड विकमध्ये रिचर्ड केला होता. तरी दोघांच्या बोलण्यात फरक आहे. अर्कहार्ट आपल्याला मेजवानीला बोलावल्यासारखा विश्वासात घेतो. अंडरवूड शिकवतो, सत्ता काय, पैसा काय, याचे धडे देतो. पहिल्याबरोबर आपण नकळत सामील होतो, दुसऱ्याचे विद्यार्थी होतो. पत्रकार मुलीच्या खुनाच्या वेळी हा फरक टोचतो. संसदेच्या इमारतीवरच्या बागेतून अर्कहार्ट मॅटीला खाली फेकतो आणि मग आपल्याकडे बघतो, तेव्हा आपल्यालाही हात धुवावेसे वाटतात. हा शेवट डेव्हिस यांचा. कादंबरीत उडी मारून मरतो तो अर्कहार्ट स्वतः. अमेरिकेत पत्रकार झोईला मेट्रोखाली ढकलण्याचा प्रसंग धक्कादायक आहे, पण धक्क्यापलीकडे फार काही उरत नाही. कारण तो दुसऱ्या सीझनचा पहिला भाग आहे आणि लगेच पुढची कथा वाट बघत असते.

ब्रिटिश आणि अमेरिकन मालिकांमधला खरा झगडा असा लांबीचा आहे. अर्कहार्टच्या तिन्ही पर्वांचे मिळून बारा भाग आहेत आणि तिसऱ्यात तो मरतो. अंडरवूडची मालिका त्र्याहत्तर भाग चालली. सव्वीस भागांत तो अध्यक्ष झाला. पुढच्या सत्तेचाळीस भागांत त्यानं काय करायचं, हे मालिकेला कधी नीट उमगलं नाही. २०१७ मध्ये स्पेसी यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले, त्यांना मालिकेतून वगळण्यात आलं आणि शेवटचा आठ भागांचा सीझन रॉबिन राइट यांनी खांद्यावर घेतला. मात्र लांबीची एक मोठी देणगीही आहे, ती म्हणजे राइट यांनी साकारलेली अंडरवूडची पत्नी क्लेअर. अर्कहार्टची पत्नी एलिझाबेथ नवऱ्याच्या पाठीशी उभी राहून त्याला पुढे ढकलते, पण तिचं स्वतःचं आयुष्य आपल्याला दिसत नाही. क्लेअरला संस्था आहे, भूतकाळ आहे, नवऱ्याविरुद्धचा राग आहे, स्वतःची महत्त्वाकांक्षा आहे. पन्नास भागांची जागा असल्याशिवाय असं पात्र घडत नाही.

या लांबीमागे पैशाचं गणित आहे. बीबीसी चालते ती घरोघरी भरल्या जाणाऱ्या लायसन्स फीवर. मालिकेत जाहिराती नाहीत, त्यामुळे तासाचा भाग जवळपास तासाचाच असतो, आणि सहसा एकच लेखक चार, पाच, सहा भाग बसून लिहितो. शेवट ठरलेला असतो. अमेरिकेत मोठ्या वाहिन्यांची जुनी पद्धत वर्षाला बावीस-चोवीस भागांची. तासाच्या भागात गोष्टीला मिळतात बेचाळीस-त्रेचाळीस मिनिटं, बाकी जाहिराती. दर जाहिरातीआधी प्रेक्षकाला अडकवून ठेवणारा प्रसंग हवा. लेखकांची टोळी एका खोलीत बसून भाग वाटून घेते. आणि खरी कमाई होते ती शंभरेक भाग साठल्यावर, देशभरच्या स्थानिक केंद्रांना पुनःप्रक्षेपणाचे हक्क विकून. शंभर भाग हवे असतील तर गोष्ट संपून कशी चालेल? त्यामुळे खून सुटला तरी नायक सुटत नाही. केबल आणि पुढे नेटफ्लिक्ससारख्या सेवा आल्या, भागांची संख्या आठ-दहा-तेरावर आली, तेव्हा कुठे ब्रिटिश कथांना अमेरिकेत श्वास घेता आला.

याआधीच्या काही प्रयत्नांचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ‘प्राइम सस्पेक्ट’ १९९१ ची, लिंडा ला प्लांट यांची. लंडनच्या पोलीस दलात तेव्हा डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर या हुद्द्यावर पोचलेल्या स्त्रिया अगदी मोजक्या होत्या. त्यांतल्याच एकीशी, जॅकी माल्टन यांच्याशी बोलून लेखिकेनं जेन टेनिसन घडवली आणि हेलन मिरेन यांनी ती अजरामर केली. एनबीसीनं रिमेक आणला तो २०११ मध्ये, वीस वर्षांनी. दरम्यान ‘द क्लोजर’सारख्या मालिकेतून अमेरिकेनं अशी अधिकारी स्त्री स्वतः घडवून सहा वर्षं पाहिली होती. बाईचा हुकूम ऐकावा लागतो म्हणून उघडपणे तुसडेपणा करणारे पोलीस आता ओढूनताणून आणलेले वाटले. तेरा भागांत मालिका संपली.

‘लाइफ ऑन मार्स’ची गोष्ट याहून बारकाईनं पाहावी. बीबीसीवर २००६ मध्ये आलेल्या या मालिकेत मँचेस्टरचा आजचा पोलीस अधिकारी सॅम टायलर मोटारीची धडक बसून थेट १९७३ सालात जागा होतो. तिथला त्याचा वरिष्ठ जीन हंट आरोपीला आधी बडवतो, मग प्रश्न विचारतो. या दोघांच्या भांडणात ब्रिटनचा एक कायदा उभा आहे: १९८४ चा पोलीस आणि फौजदारी पुराव्याचा कायदा. जबाबाचं ध्वनिमुद्रण, आरोपीला वकील, कोठडीच्या मुदती, अटकेचे नियम हे सगळं त्यानं आणलं. सॅम या कायद्याच्या अलीकडचा, हंट पलीकडचा. मालिकेतली गंमत आणि वेदना, दोन्ही या दरीतून येतात. एबीसीनं २००८ मध्ये सॅमला न्यूयॉर्कच्या १९७३ मध्ये पाठवलं. अमेरिकेत मात्र आरोपीला त्याचे हक्क वाचून दाखवण्याचा मिरांडा खटल्याचा निकाल १९६६ मध्येच लागला होता. न्यूयॉर्क पोलिसांच्या लाचखोरीची चौकशी करणारा नॅप आयोगही तोवर येऊन गेला होता. म्हणजे दरी होती, पण वेगळ्या जागी. रिमेकनं ती शोधायची सोडून नव्या जुळ्या मनोऱ्यांकडे, पोशाखांकडे, गाण्यांकडे लक्ष दिलं. ते सगळं सुंदर चित्रित केलंय, हार्वी कायटेलसारखा नट हंटच्या भूमिकेत आहे. तरी भांडणाला मूळची धार नाही. सतरा भागांनी गाशा गुंडाळताना उलगडा असा केला, की सॅम हा २०३५ मध्ये मंगळाकडे निघालेल्या यानातला अंतराळवीर आहे आणि हे सगळं स्वप्न होतं. मूळ मालिकेत शुद्धीवर आलेला सॅम आपल्या शिस्तशीर काळात काहीच जाणवत नाही म्हणून छपरावरून उडी मारून १९७३ मध्ये परततो. त्या उडीत माणूस काय गमावून सभ्य होतो, असा बोचरा प्रश्न आहे. यानाच्या शेवटात कुठलाच प्रश्न नाही.

‘ब्रॉडचर्च’ तर फार घाईनं उचलली गेली. ख्रिस चिबनॉल यांची ही आठ भागांची मालिका आयटीव्हीवर मार्च-एप्रिल २०१३ मध्ये लागली, त्याच वर्षी बीबीसी अमेरिकेनं ती तिकडे दाखवली, आणि २०१४ च्या ऑक्टोबरात फॉक्सवर ‘ग्रेसपॉइंट’ हजर. नायक तोच, डेव्हिड टेनंट, फक्त उच्चार अमेरिकन. सुरुवातीचा दिग्दर्शकही तोच, जेम्स स्ट्राँग. पहिला भाग जवळजवळ चौकटीला चौकट जुळवून केलेला. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरच्या पिवळ्या कड्यांऐवजी उत्तर कॅलिफोर्नियातलं गाव, चित्रीकरण मात्र कॅनडात व्हिक्टोरियाच्या आसपास. इंग्लंडमधले तपास अधिकारी हार्डी आणि मिलर बंदुकीविना फिरतात. छोट्या गावात एका मुलाच्या खुनाची चौकशी म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात बसून चहा घेत विचारलेले प्रश्न. अमेरिकन पोलिसांच्या कमरेला पिस्तूल आलं की त्या बसण्याचा सूर बदलतो, हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

मूळ मालिका ज्यांनी पाहिली होती त्यांच्यासाठी शेवट बदलला. (ज्यांनी अजून पाहिली नसेल त्यांनी हा एक परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) ‘ब्रॉडचर्च’मध्ये खुनी निघतो तो तपास करणाऱ्या एली मिलरचाच नवरा. आदल्याच एका भागात एली दुसऱ्या बाईला फटकारून विचारते, घरात हे चालू होतं आणि तुला कळलं कसं नाही? तोच प्रश्न आता साऱ्या गावाच्या डोळ्यांत तिला दिसतो. आठ भागांचं बांधकाम या एका क्षणाला पेलण्यासाठी केलेलं आहे. ‘ग्रेसपॉइंट’मध्ये नवरा दोषी आहेच, पण त्या मुलाचा जीव जातो तो एलीच्या मुलाकडून, अपघातानं, बाप ते स्वतःवर घेतो. आईनं मुलाला वाचवायचं की सत्य सांगायचं, हा पेच स्वतंत्रपणे तगडा आहे. पण तो शेवटच्या मिनिटांत येतो आणि मालिका तिथेच थांबते. दहा भागांचं ओझं वाहून आणलं ते एका वेगळ्या गोष्टीच्या उंबऱ्यावर ठेवून दिलं. दुसरा सीझन झाला नाही.

‘युटोपिया’ला तर काळानंच गाठलं. साथीचा रोग, लस आणि लोकसंख्या यांभोवती फिरणारी डेनिस केली यांची चॅनल फोरवरची २०१३ ची ही भेदक कारस्थानकथा गिलियन फ्लिन यांनी अमेरिकेसाठी पुन्हा लिहिली आणि ती अ‍ॅमेझॉनवर आली २०२० च्या सप्टेंबरात, जग मास्क लावून लशीची वाट बघत असताना. एका सीझनवर ती थांबली.

यशाचं उदाहरण हवं असेल तर ‘शेमलेस’. तिचे लेखक पॉल अ‍ॅबट बर्नलीतल्या मोठ्या, गरीब कुटुंबात वाढले. आई निघून गेली, पुढे वडीलही, आणि भावंडांना थोरल्या बहिणीनं सांभाळलं. तेच आयुष्य २००४ मध्ये मँचेस्टरच्या एका काल्पनिक वसाहतीत त्यांनी मांडलं. दारुडा फ्रँक गॅलघर, सहा मुलं, आणि त्यांतली थोरली, घर चालवणारी फियोना. ही वसाहत सरकारी घरांची आहे. फ्रँक भत्त्यांवर जगतो, दवाखाना फुकट आहे. दारिद्र्य आहे, पण पायाखाली एक जाळी आहे, आणि मालिकेचा बेफाम आनंद त्या जाळीवर उड्या मारत येतो. जॉन वेल्स यांनी शोटाइमसाठी २०११ मध्ये गॅलघर कुटुंब शिकागोच्या साउथ साइडला नेलं, आणि ती जाळी काढून घेतली. इथे विजेचं बिल, घरावरचा कर, इस्पितळाचा खर्च, हिवाळ्यातली हीटिंगची थकबाकी, हे सगळं घरातल्या डब्यात साठवलेल्या नोटांतून भागवायचं. प्रत्येक भावंडानं त्यात भर घालायची. बालकल्याण खात्याची माणसं आली तर मुलं वेगवेगळ्या घरी पाठवली जातील, ही भीती सततची. फ्रँकचं यकृत निकामी होतं तेव्हा प्रश्न वैद्यकीय राहतच नाही, विम्याचा होतो. पुढे शेजारचे जुने वाडे पैसेवाले विकत घेऊ लागतात आणि गॅलघरांच्या पायाखालची जमीनच महाग होते. हा धागा मँचेस्टरमध्ये नव्हता.

इथे मी उघडपणे रिमेकच्या बाजूचा आहे. ब्रिटिश मालिकेतून फियोना आणि तिचा प्रियकर स्टीव्ह पहिल्या दोन पर्वांनंतर गेले, हळूहळू कथा शेजारच्या गुंड कुटुंबाकडे सरकली आणि मूळची भावंडं विखुरली. अमेरिकन मालिकेनं अकरा सीझन, १३४ भाग, मुलांना डोळ्यांसमोर मोठं होऊ दिलं. पहिली पाचेक वर्षं तर ती मूळ मालिकेहून सरस आहे. डेव्हिड थ्रेलफॉल यांचा फ्रँक तोलामोलाचा, पण घर सांभाळणाऱ्या बहिणीची दमछाक एमी रॉसम यांनी जितकी दाखवली, तितकी दाखवायला मूळ मालिकेत वेळच नव्हता.

आणि आता ‘क्रिमिनल जस्टिस’. पीटर मॉफॅट लेखक होण्याआधी बॅरिस्टर होते. २००८ च्या उन्हाळ्यात बीबीसीनं त्यांची ही पाच भागांची मालिका सलग पाच रात्री दाखवली. बेन नावाचा साधा मुलगा बापाची टॅक्सी घेऊन बाहेर पडतो, एक मुलगी टॅक्सी समजून आत बसते, रात्र तिच्या घरी जाते, आणि पहाटे ती भोसकलेली सापडते. त्याला काही आठवत नाही. बेन व्हिशॉ यांचा चेहरा हेच या मालिकेचं निम्मं भांडवल. ठाण्यात भेटलेला, कातडीच्या विकारानं पाय खाजवणारा वकील स्टोन त्याला एकच सांगतो: तोंड उघडू नकोस. खरं काय झालं ते त्याला ऐकायचंच नाही. न्यायालयात सत्य शोधलं जात नाही, दोन गोष्टींपैकी कुठली जास्त पटते ते ठरतं, हा मॉफॅट यांचा आतून आलेला संताप आहे. आणि इंग्लंडमध्ये गप्प राहणंही फुकट नाही. १९९४ च्या कायद्यानंतर आरोपीनं चौकशीत लपवलेली गोष्ट पुढे बचावात आणली, तर ज्युरीला त्या मौनाचा अर्थ लावता येतो.

एचबीओनं २०१६ मध्ये याच कथेचे आठ भाग केले आणि नाव ठेवलं ‘द नाइट ऑफ’. लेखक स्टीव्हन झेलियन आणि रिचर्ड प्राइस. वकिलाची भूमिका जेम्स गँडोल्फिनी यांच्यासाठी होती. पहिला भाग त्यांच्यासह चित्रित झाला होता, पण जून २०१३ मध्ये ते गेले. त्यांचं नाव निर्माता म्हणून राहिलं आणि जॉन टर्टुरो यांनी स्टोनचे खाजरे पाय घेतले. आरोपी आता नसीर खान झाला, क्वीन्समध्ये राहणाऱ्या पाकिस्तानी कुटुंबातला कॉलेजकुमार. रिझ अहमद यांना या कामासाठी एमी मिळालं.

हा बदल नाव आणि वर्ण बदलण्यापुरता नाही. टॅक्सी पाहा. इंग्लंडमध्ये ती बापाची टॅक्सी आहे, इतकंच. न्यूयॉर्कमध्ये ती तीन भागीदारांची आहे. पोलिसांनी पुरावा म्हणून जप्त केली की तीन घरांची चूल थंडावते. भागीदार बापाला गळ घालतात, मुलावर चोरीची तक्रार कर म्हणजे गाडी सुटेल. बाप खाद्यपदार्थ पोचवायला निघतो, आई शौचालयं धुते, मोहल्ल्यात लोक बोलेनासे होतात, आणि वर अकरा सप्टेंबरनंतर मुसलमान घरांवर पडलेली नजर आहेच. मूळ कथेतल्या एका वस्तूतून एवढा संसार निघू शकतो, हे पाहिल्यावर मला त्या लेखकांबद्दल फार आदर वाटला.

कायद्याची चौकटही अमेरिकनच झाली. वकिलाची फी ठरवताना आईबापांशी घासाघीस होते. नामांकित वकीलबाई फुकट खटला घ्यायला तयार होते, कारण प्रसिद्धी मिळणार. सरकारी वकिलाकडून सौदा येतो: कमी गुन्हा कबूल कर, पंधरा वर्षांत सुटशील. अमेरिकेतले बहुसंख्य फौजदारी खटले ज्युरीसमोर येतच नाहीत, ते अशाच सौद्यांत मिटतात. नसीर न्यायाधीशासमोर उभा राहतो आणि कबुली देण्याऐवजी, मी हे केलेलं नाही, एवढंच म्हणतो. सगळा सौदा मोडतो. मग रायकर्स बेट. या तुरुंगात बहुतेक माणसं शिक्षा झालेली नसतात, खटल्याची वाट बघत असतात. बॅग चोरल्याच्या आरोपावरून सोळा वर्षांचा एक मुलगा तिथे खटल्याविना जवळजवळ तीन वर्षं होता, सुटल्यावर त्यानं आत्महत्या केली; ही खरी घटना मालिकेच्या आदल्या वर्षीची. तुरुंगातल्या दादाच्या आश्रयानं नसीर टिकतो, डोकं भादरतो, गोंदवून घेतो, अमली पदार्थाच्या आहारी जातो. ज्युरी सहा विरुद्ध सहा अशी अडकते, सरकारी वकील पुन्हा खटला चालवायला नकार देते आणि तो घरी येतो. निर्दोष ठरलेला तो नाहीच, आणि पूर्वीचा मुलगाही राहिलेला नाही.

मॉफॅट यांच्या गोष्टीचा तिसरा मुक्काम मुंबई. २०१९ च्या एप्रिलमध्ये हॉटस्टारवर हिंदी ‘क्रिमिनल जस्टिस’ आली. दिग्दर्शक तिग्मांशू धुलिया आणि ‘लपाछपी’ हा मराठी भयपट करणारे विशाल फुरिया. आरोपीच्या भूमिकेत विक्रांत मॅसी, वकील माधव मिश्रांच्या भूमिकेत पंकज त्रिपाठी. इथे ज्युरीचा प्रश्नच येत नाही. मुंबईतल्या १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतानं आरोपीला निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे निकाल फिरला. पुढे हळूहळू ही पद्धत मावळली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. त्यामुळे ज्या ज्युरीला गोष्ट पटवण्यासाठी लंडन आणि न्यूयॉर्कचे वकील झगडतात, ती बाकं मुंबईत रिकामी आहेत. सगळा भार एका न्यायाधीशावर आणि तुरुंगातल्या दिवसांवर पडतो. हिंदी मालिकेनं ही पोकळी भरली ती वकिलाच्या माणूसपणानं. इतकी, की पुढच्या पर्वांत आरोपी बदलत गेले आणि माधव मिश्रा कायम राहिले. ब्रिटनमधल्या २००९ च्या दुसऱ्या पर्वात मॉफॅट यांनी सगळीच पात्रं नवी घेतली होती.

तीन देशांत सर्वांत चांगली कोणती, असं विचाराल तर माझं मत ‘द नाइट ऑफ’ला. मूळ मालिका अधिक घट्ट आहे, संतापानं लिहिलेली आहे आणि व्हिशॉ अतुलनीय आहेत. पण कायदा एका माणसाबरोबर त्याचं घर, धंदा आणि वस्ती कशी खातो, हे आठ भागांच्या मालिकेनं दाखवलं. ‘हाऊस ऑफ कार्ड्‌स’मध्ये माझा कौल १९९० च्या चार भागांना आहे, क्लेअर सोडून. ‘ब्रॉडचर्च’बाबत तर तुलना करण्याचंही कारण नाही.

वाचकांना एक विनंती. या मालिका पाहायच्या असतील तर मूळ आधी पाहा, रिमेक नंतर, आणि मधे थोडे दिवस जाऊ द्या. सुरुवात ‘क्रिमिनल जस्टिस’च्या २००८ च्या पाच भागांपासून करा. मग ‘द नाइट ऑफ’ पाहताना पोलीस ठाण्यातला वकिलाच्या पहिल्या भेटीचा प्रसंग मुद्दाम पुन्हा लावून दोन्हीकडचा शेजारी ठेवा. कोण काय बोलत नाही, तिकडे लक्ष द्या. त्यानंतर मुंबईची मालिका बघा; तिथलं ठाणं आणि तिथलं न्यायालय तुमच्या ओळखीचं असेल, आणि आधीच्या दोन देशांत काय वेगळं होतं ते तेव्हा अधिक स्पष्ट कळेल.